मूळ अर्थ : डावा

आपल्याबद्दल कोणी वाईट बोललं तर राग येतो आणि चांगलं बोललं तर आनंद होतो, इथपर्यंत सगळं ठीक आहे. पण जे बोललं गेलं ते वाईट की चांगलं हेच कळलं नाही, तर माणसाने करायचं काय? मी त्या दिवशी राग आणि आनंद दोन्ही तयार ठेवून घरी आलो होतो.

मी लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात आहे. लिफ्ट मध्येच अडकली, दार उघडेना, बटण दाबलं की भलत्याच मजल्यावर नेते, असले फोन माझ्याकडे येतात. मी शांतपणे ऐकून घेतो, 'माणूस पाठवतो' म्हणतो आणि चिठ्ठी लिहून मेकॅनिकच्या हातात देतो. ऐकायला हे सोपं वाटतं. पण दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या माणसाशी गोड बोलणं ही कला आहे, आणि ती माझ्या अंगी आहे, असं निदान माझं तरी मत होतं. आमच्या विभागातली सहाय्यक व्यवस्थापकाची खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. ती माझ्या टेबलाच्या इतकी जवळ होती की मी तिच्यावर जेवणाचा डबा ठेवत असे. आता स्वतः बसायचं तेवढं बाकी होतं.

अशात कंपनीत नव्या डायरेक्टर मॅडम आल्या. परदेशात शिकलेल्या, बरीच वर्षं तिकडेच नोकरी केलेल्या. त्यांच्या स्वागताला सगळ्यात वरच्या मजल्यावर चहापान ठेवलं होतं. माझ्या उजव्या हातात चहाचा कप आणि डाव्या हातात बिस्किट. मॅडम एकेकाशी हात मिळवत माझ्यापर्यंत आल्या. कप ठेवायला जवळपास टेबल नव्हतं. बिस्किट ठेवायला एकच जागा दिसत होती, ती म्हणजे तोंड. मी बिस्किट अख्खं तोंडात टाकलं आणि मोकळा झालेला डावा हात पुढे केला. त्यांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग आपलाही डावा हात दिला. तो परत घेतला तेव्हा त्याला चुरा लागलेला होता.

"कुठल्या विभागात?" त्यांनी विचारलं.

तोंड न उघडता या प्रश्नाचं एकच उत्तर देता येतं. मी "अं" म्हणालो.

"किती वर्षं झाली?"

"अं."

"आणि इथलं वातावरण कसं वाटतं?"

इथे 'अं' म्हणणं धोक्याचं होतं. त्याचा कसाही अर्थ निघाला असता. म्हणून मी मान जोरजोरात हलवली, आणि मानेबरोबर कपही हलला. चहा त्यांच्या बुटांवर पडला नाही, बुटांच्या अगदी जवळ पडला, हे मी आजही आवर्जून सांगतो.

झाल्या प्रकाराची थोडी भरपाई करावी म्हणून मॅडम निघाल्या तेव्हा मी धावत पुढे गेलो आणि लिफ्टचं बटण दाबून धरलं. मॅडम आणि आमचे जुने जनरल मॅनेजर आत गेले. मी बटण सोडलं. दार मिटू लागलं आणि फटीतून मॅडमचा आवाज आला, "ही इज अ बिट गोश, बट..."

दार बंद झालं. आमच्या कंपनीची दारं सेकंदाचाही विलंब न करता आणि अजिबात आवाज न करता मिटतात. आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर तसं छापलेलं आहे. त्या दिवशी प्रथमच मला स्वतःच्या विभागात तक्रार नोंदवावीशी वाटली.

गोश. हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. आणि पुढचा 'बट' तर आणखी त्रासदायक होता. 'पण'च्या आधी वाईट असेल तर नंतर चांगलं असणार, आणि आधी चांगलं असेल तर नंतरचं ऐकू आलं नाही हेच बरं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती बँकेत अधिकारी आहे. गिऱ्हाइकांच्या सह्या जुळतात की नाही हे पाहण्यात तिचा हातखंडा आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट ती आधी संशयाने बघते.

"तुमच्या तोंडावर म्हणाल्या का?" तिने विचारलं.

"नाही. दार मिटताना."

"मग ऐकलंच कशाला?"

मी वरच्या मजल्यावर हेडमास्तरांकडे गेलो. हेडमास्तर निवृत्त आहेत, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि त्यांच्याकडे एक अगडबंब इंग्रजी शब्दकोश आहे. तो ते दोन्ही हातांनी उचलून आणतात आणि ठेवताना टेबलावरचं बाकी सगळं उडतं.

"स्पेलिंग?" त्यांनी चष्मा लावत विचारलं.

"तेच तर माहीत नाही."

"मग जी, ओ, एस, एच." त्यांचं बोट खाली सरकत थांबलं. "सापडला. आश्चर्य व्यक्त करण्याचा उद्गार. आपल्याकडचं 'अरेच्चा'."

"म्हणजे मी थोडासा अरेच्चा आहे?"

"कोशात तर तसंच दिसतं."

"पण माणूस अरेच्चा कसा असेल?"

"हे बघा," हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या कानांत दोष असू शकतो, मॅडमच्या उच्चारात असू शकतो. कोशात असू शकत नाही. तुम्हाला पाहून त्या चकित झाल्या. सरळ अर्थ आहे."

मला तो अर्थ पटला, कारण तो मला सोयीचा होता. परत येताना खालच्या औषधवाल्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, "गोश नाही हो, गॉझ असेल. जखमेवर लावायची जाळीची पट्टी." त्यावरही मी जिना चढता चढता विचार केला. कंपनीच्या जखमेवरची पट्टी. तक्रार विभागाला हे वर्णन काही वाईट नव्हतं. घरात पाऊल टाकेपर्यंत मी चांगलाच फुगलो होतो.

मुलगी कॉलेजातून येऊन सोफ्यावर लोळत होती. मी तिला वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिने मोबाइलवर बोटं फिरवली आणि एकदम उठून बसली.

"बाबा, ते जी, ए, यू, सी, एच, ई आहे."

"त्याचा उच्चार गोश कसा होईल?"

"फ्रेंच आहे. अर्थ वाचू?"

"वाच."

तिने आईकडे पाहिलं. मग शक्य तितक्या हळू वाचलं, "चार लोकांत कसं वागावं, काय बोलावं हे न कळणारा. अवघडलेला. धांदरट. नीट रीतभात नसलेला."

बायको कपड्यांच्या घड्या करत होती. हातातली घडी पूर्ण करून ती म्हणाली, "हे सगळं एका शब्दात बसतं?"

तिचा स्वर निव्वळ कौतुकाचा होता. संसाराला इतकी वर्षं झाली, तिला ज्यासाठी दरवेळी पाच-सहा वाक्यं लागत होती, त्याला मॅडमना एक शब्द पुरला होता.

"पुढे काही आहे का?" मी विचारलं. बुडणारा माणूस जसा विचारेल तसं.

"वापर कसा करायचा ते आहे. 'जेवणाच्या टेबलावर यजमानाला पगार विचारणं गोश समजलं जातं.'"

"मी कोणाला पगार विचारला नव्हता."

"आणि मग शब्द कुठून आला ते. मूळ फ्रेंच शब्द, मूळ अर्थ, डावा."

"काय?"

"डावा. डाव्या बाजूचा. डावा हात वगैरे."

मी तिच्या हातून मोबाइल घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. डावा. मी मॅडमना डावा हात दिला होता. ज्या बाईंची निम्मी हयात परदेशात गेली, त्या शब्द मूळ अर्थानेच वापरणार. त्या म्हणाल्या होत्या, हा जरा डावरा दिसतो, पण... पण काहीतरी चांगलंच असणार.

"बाबा, त्या अर्थाने तो शब्द इंग्रजीत कोणीही वापरत नाही," मुलगी म्हणाली.

"तू वापरत नसशील."

मी पुन्हा हेडमास्तरांकडे गेलो. कोशात 'गोश' नव्या स्पेलिंगने सापडल्यावर ते जरा हिरमुसले, पण मूळ अर्थ म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. "मूळ अर्थ हाच खरा अर्थ," ते म्हणाले. "बाकीचे नंतर चिकटलेले." मला आणखी काही नको होतं.

प्रकरण इथेच संपलं असतं. पण आमच्या मनुष्यबळ विभागात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळं ऑफिस 'परिपत्रक' म्हणतं. ते साधं बोलले तरी खाली सही-शिक्का असल्यासारखं वाटतं. चहापानाच्या दिवशी ते लिफ्टपाशी माझ्या मागेच उभे होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

"मॅडम काहीतरी म्हणाल्या वाटतं तुमच्याबद्दल," ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं. आजूबाजूच्या टेबलांवरची टाइपिंगची खटखट थांबली.

"हो," मी म्हणालो. "मी डावरा आहे असं म्हणाल्या. फ्रेंच शब्द आहे. तुम्हाला माहीत नसेल."

परिपत्रकांचं हसू मावळलं. माझ्या आयुष्यातला तो फार सुंदर क्षण होता. तो तेवढाच टिकला.

"पण तुम्ही डावरे आहात?" ते म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही उजव्या हाताने सही करत आलात."

"सवयीने," मी म्हणालो. "मूळचा मी डावा."

माणूस खोटं बोलतो तेव्हा ते वाक्य फार लहान असतं. त्या वाक्याची देखभाल मात्र फार मोठी असते. त्या क्षणापासून सगळं ऑफिस माझ्या हातांकडे बघू लागलं. मी पेन डाव्या हातात घेतलं. माऊस डावीकडे सरकवला, तर त्याची वायर पुरेना, म्हणून कॉम्प्युटर सरकवला, तर खिडकीतला उजेड पडद्यावर येऊ लागला, म्हणून टेबलच फिरवलं. आता माझी पाठ सगळ्या विभागाकडे झाली आणि तोंड भिंतीकडे. फोन घेताना मी शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसत असे.

चिठ्ठ्यांचं तर विचारू नका. डाव्या हाताने लिहिताना हात आपण लिहिलेल्याच अक्षरांवरून फिरतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एका इमारतीत 'दार उघडत नाही' अशी तक्रार होती. मेकॅनिकने माझी चिठ्ठी 'दोर उघडा आहे' अशी वाचली. त्याने बिचाऱ्याने संध्याकाळपर्यंत लिफ्टचा सगळा दोर तपासला, तो उत्तम स्थितीत आहे असा अहवाल दिला आणि तो घरी गेला. दार बंदच राहिलं. त्या इमारतीतल्या एका आजोबांनी मला फोन करून जे ऐकवलं, त्यातलं बरंचसं माझ्या वळणदार अक्षरालाच उद्देशून होतं.

परिपत्रक गप्प बसणारे नव्हते. कर्मचाऱ्याच्या सहीचा हात बदलला तर डॉक्टरचा दाखला लागतो, असा नियम त्यांनी शोधून काढला. नसता तर केला असता. मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला डाव्या हाताने नाव लिहायला लावलं, कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि म्हणाले, "हात निरोगी आहे. निरक्षर आहे, एवढंच."

"तुम्ही मला डावरा म्हणून लिहून द्याल का?"

"जे दिसतं तेच लिहीन," असं म्हणून त्यांनी लिहून दिलं, 'रुग्णाला तपासले. दोन्ही हात जागेवर आढळले.' परिपत्रकांनी तो दाखला दोनदा वाचला. त्यात मी डावरा नाही असंही कुठे म्हटलं नसल्यामुळे त्यांना तो फाइलला लावावा लागला.

घरी मी सराव चालू ठेवला. चमचा डाव्या हातात, कंगवा डाव्या हातात, दात घासायचा ब्रश डाव्या हातात. दाढी मात्र उजव्यानेच करत होतो, कारण प्रतिष्ठेपेक्षा कान महत्त्वाचा. सरावाच्या भरात मी सोसायटीच्या देखभालीचा चेकही डाव्या हातानेच सही करून दिला. तो माझ्या बायकोच्याच शाखेत जमा झाला, आणि सही जुळत नाही म्हणून तिनेच परत पाठवला.

"अगं, तुला माहीत होतं ना मीच केलीय ती?" मी विचारलं.

"घरी माहीत होतं. बँकेत कसं माहीत असणार?" ती शांतपणे म्हणाली. "या उद्या काउंटरवर, नवी सही नोंदवायला."

मी खरंच गेलो. तिने मला इतर लोकांबरोबर रांगेत उभं केलं आणि नंबर आल्यावर ओळखपत्र मागितलं. नवी सही तीन वेळा करून दाखवा म्हणाली. तिन्ही सह्या तीन वेगवेगळ्या माणसांच्या वाटत होत्या. तिने त्या बारकाईने पाहिल्या आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"साहेब," ती म्हणाली, "आधी एक नक्की करून या." मग आवाज खाली आणून, "आणि घरी जाताना इस्त्रीचे कपडे घेऊन जा."

मधल्या काळात चेक परत आल्याबद्दल हेडमास्तरांनी सोसायटीच्या सूचनाफलकावर माझ्या फ्लॅटचा नंबर लावला. मूळ अर्थाचा पुरस्कार करणारा माणूस देखभालीच्या बाबतीत इतका कठोर असेल असं वाटलं नव्हतं.

आणि मग मॅडमनी बोलावलं.

मी त्यांच्या खोलीत गेलो. आत गेल्यावर काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते लक्षात येईना. फोन टेबलाच्या डाव्या कडेला होता. पेनं डावीकडे. चहाच्या कपाचा कान डावीकडे वळवलेला. मॅडम काहीतरी लिहीत होत्या, आणि डाव्या हाताने लिहीत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही डावरे आहात म्हणून ऐकलं. माझ्यासारखेच."

खुर्ची जवळ होती म्हणून मी बसलो, नाहीतर खाली बसलो असतो.

"आपल्या ऑफिसात कोणी उघडपणे डाव्या हाताने काम करेल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला शाळेत बाई पट्टी मारायच्या. रोज. बाई मागून यायच्या, त्यामुळे आजही कोणी मागून आलं की मी आधी हात लपवते. तुम्हालाही जबरदस्तीने उजवं केलं असेल ना?"

खरं सांगायची ती योग्य वेळ होती. मी तसं ठरवून तोंड उघडलंही. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं. माझ्या तोंडून "हो" गेलं.

"पट्टी?"

"पट्टी," मी म्हणालो.

त्यांनी ड्रॉवरमधून एक कात्री काढून मला दिली. डावऱ्यांसाठी वेगळी बनवलेली. इथे मिळत नाही म्हणाल्या, त्यांनी तिकडून दोन आणल्या होत्या. मग त्यांनी काम सांगितलं. लिफ्टमधली बटणं सगळीकडे उजव्या बाजूला असतात. ती दोन्ही बाजूंना असावीत अशी त्यांची योजना होती. एक मोठं रुग्णालय नव्या लिफ्ट घेणार होतं. त्यांच्या समितीपुढे या योजनेबद्दल बोलायला अनुभव असलेला माणूस हवा होता. "तुमच्या विभागातली जागा रिकामी आहे, त्याबद्दलही नंतर बोलू," त्या शेवटी म्हणाल्या.

संध्याकाळी मी कात्री खोक्यासकट घरी आणून टेबलावर ठेवली. मुलीने ती उचलून कागद कापून पाहिला.

"बाबा, तू त्यांना शाळेतल्या माराबद्दल खोटं सांगितलंस?"

"एकच शब्द बोललो. पट्टी."

कात्री तिने परत खोक्यात घातली, जपून, जणू ती तिला कोणाला तरी परत द्यायची होती. त्यापेक्षा ती चिडली असती तर बरं झालं असतं. बायको म्हणाली, "उद्या सांगून टाका." हेडमास्तरांचा सल्ला मी विचारला नाही. तरी ते आले आणि म्हणाले की आता समितीसमोर बोलूनच टाका, डावरेपण हे शेवटी मनाचं असतं. चेकचं काय झालं, असंही त्यांनी जाताना विचारलं.

मी उद्या सांगेन, परवा सांगेन करत राहिलो आणि समितीचा दिवस उजाडला.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या दालनात एक नमुन्याची लिफ्ट उभी आहे. तिच्यासमोर रुग्णालयाची मंडळी बसली होती. अध्यक्ष चांगलेच म्हातारे होते, मांडीवर काठी आडवी ठेवून बसलेले. मॅडम पहिल्या रांगेत, परिपत्रक दाराशी. मी डाव्या हातात फळ्याचं पेन घेऊन उभा राहिलो आणि बोलायला लागलो.

सांगायला संकोच वाटतो, पण मी चांगलं बोललो. आयुष्यभर डावरा असलेल्या माणसाला त्रासाची सवय झालेली असते, तो त्याला दिसेनासा होतो. माझा त्रास ताजा होता. दाराची मूठ उलटी फिरते ती कशी, लिहिताना स्वतःचीच अक्षरं कशी पुसली जातात, डाव्या हातात सामान असताना आणि उजवा प्लॅस्टरमध्ये असताना लिफ्टचं बटण दाबायला माणूस कोपर कसं वापरतो, हे सगळं मी करून दाखवलं. ज्याचा उजवा हात आजारपणात गेला, असा माणूस तुमच्या रुग्णालयात रोज येत असेल, तो लिफ्टमध्ये शिरून भिंतीकडे बघत उभा राहतो, असं म्हणालो. हे मला आधी सुचलेलं नव्हतं, बोलता बोलता दिसलं.

माझं संपल्यावर अध्यक्षांनी काठी बाजूला ठेवली.

"माझा डावा हात शाळेत बाकाला बांधायचे," ते म्हणाले. "सुती दोरीने. मधल्या सुट्टीत सोडायचे. मी हे कधी कोणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा. तुमचा कुठे बांधायचे?"

त्यांच्या आवाजात चौकशी नव्हती, सोबत होती. 'बाकालाच' एवढा एक शब्द पुरला असता. लिफ्टची ऑर्डर, रिकामी खुर्ची, सगळं त्या शब्दाच्या पलीकडे हात लांबवलं की मिळेल इतक्या अंतरावर होतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या मान हलवत होत्या, सांगा म्हणून.

"माझा बांधला नाही," मी म्हणालो. "मी उजवा आहे."

चार लोकांत काय बोलावं हे न कळणारा म्हणतात, तो कसा असतो हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं. मी डाव्या हातातलं पेन उजव्या हातात घेतलं. ते का घेतलं, मला माहीत नाही. टोपण लावलं नव्हतं, म्हणून सदऱ्याच्या बाहीवर एक लांब काळी रेघ उमटली. दाराशी परिपत्रक खाकरले.

"मग हे सगळं तुम्हाला कसं माहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"गेले काही आठवडे मी डावा आहे."

"का?"

"माझ्याबद्दल एक शब्द बोलला गेला होता. त्याचा मला सोयीचा अर्थ लावायचा होता."

अध्यक्षांनी बराच वेळ माझ्या बाहीकडे पाहिलं. मग काठी टेकत उठले आणि निघून गेले. त्यांच्यामागे समिती निघाली, समितीमागे परिपत्रक. आत मी आणि मॅडम उरलो.

खाली जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. मी त्यांना चहापानापासून सगळं सांगितलं. गोश, अरेच्चा, गॉझ, डॉक्टर, बँक, काही ठेवलं नाही. त्या आकड्यांकडे बघत ऐकत होत्या.

"मी असं म्हणाले?" त्यांनी विचारलं. "आठवत नाही. म्हणाले असेन. त्या दिवशी मला सगळेच तसे वाटत होते. मी स्वतःसुद्धा."

"आणि 'बट'?"

"काय 'बट'?"

"'गोश, बट' म्हणाला होतात. पुढे दार मिटलं."

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मधले मजले तसेच गेले. "चहाबद्दल असेल बहुतेक," त्या म्हणाल्या. "'पण चहा चांगला होता' असं काहीतरी. चहा खरंच चांगला होता."

ज्या शब्दासाठी मी टेबल फिरवलं, हात बदलला, बायकोच्या रांगेत उभा राहिलो, त्याचा पुढचा भाग चहा होता. मला हसू येईना आणि रडणंही शोभेना.

"शाळेबद्दल मात्र तुम्ही खोटं बोललात," मॅडम म्हणाल्या. "मी ते इथे दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं."

"चूक झाली," मी म्हणालो. त्यापुढे काही जोडावंसं वाटलं, पण तोवर तळमजला आला आणि दार अजिबात आवाज न करता उघडलं. दुसऱ्या दिवशी मी कात्री परत नेऊन दिली. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि लिहायला लागल्या.

सहाय्यक व्यवस्थापकाची जागा परिपत्रकांना मिळाली. आता ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि डबा मला मांडीवर ठेवावा लागतो. घरी मुलीने दोन दिवस अबोला धरला. मग एका संध्याकाळी 'समितीसमोर नक्की काय म्हणालास ते परत सांग' म्हणून तिने मला तीनदा सांगायला लावलं. बायकोने माझी जुनी सही बँकेत पुन्हा नोंदवून घेतली, रांग न लावता.

रुग्णालयाकडून पुष्कळ दिवस काही कळलं नाही. मग ऑर्डर आली. दोन्ही बाजूंना बटणं असलेल्या लिफ्ट, सगळ्याच्या सगळ्या. त्यासोबत अध्यक्षांचा निरोप होता, की बटणांची जागा ठरवताना डावऱ्या माणसाला विचारू नका, नव्याने डावं व्हावं लागलेल्या माणसाला विचारा. मॅडमनी मला बोलावलं. बऱ्याच दिवसांनी त्या थेट माझ्याकडे बघून बोलत होत्या.

"तुमच्याइतका वाईट डावा हात कंपनीत दुसरा नाही," त्या म्हणाल्या. "मी चौकशी केली."

तेव्हापासून चाचणी माझ्यावर होते. मी लिफ्टमध्ये शिरतो, कधी चाकाच्या खुर्चीत बसून, कधी कुबडी घेऊन, आणि डाव्या हाताने बटण दाबतो. मला जमलं तर ते बटण पास. नाही जमलं तर खाली घेतात, मोठं करतात, परत मला बोलावतात. मी जितका धांदरट तितकं बटण चांगलं होतं. कंपनीला माझा इतका उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

लिफ्ट सुरू झाल्या त्या दिवशी मॅडम आणि मी रुग्णालयात गेलो. भाषणं नव्हती. अध्यक्ष काठी घेऊन एकटेच लिफ्टमध्ये शिरले आणि डाव्या बाजूचं बटण डाव्या हाताने दाबलं. दार मिटलं. लिफ्ट सगळ्यात वर गेली, खाली आली, दार उघडलं. आम्ही आत जायला पाऊल उचललं, तर त्यांनी आमच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा बटण दाबलं. ते असे वर-खाली करत राहिले. मागे डॉक्टर, नर्स, नातेवाईक जमले, पण कोणी त्यांना थांबवेना. पुन्हा दार उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शाळा सुटल्याची कळा होती, आणि ते परत वर गेले.

"जिन्याने जाऊ या," मॅडम हलकेच म्हणाल्या, आणि आम्ही जिन्याकडे निघालो.